नोकरीचं घर पाहायला गेलो

“और पहले वाली ने काम क्यों छोड़ा?” माझ्या दादांनी मॅडमला विचारलं, आणि तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन एक बाई आतून आली. पदर खोचलेला, मनगटाला कणीक चिकटलेली. तिनं आम्हा पाच जणांसमोर एकेक कप ठेवला.

“पहले वाली गाँव चली गई,” मॅडम म्हणाली. “अब ये बनाती है. कुमारी. अभी-अभी रखा है इसको.”

माझ्या मांडीवर नारळ होता. वयनीच्या पिशवीत पेढे होते. शेजारचे देवरावभाऊ लग्नाकार्यातली पांढरी टोपी घालून आले होते. पसंत पडलेल्या मुलाचं घर पाहायला जावं आणि त्याची बायकोच चहा घेऊन बाहेर यावी, तसं झालं. दादांना ते अजून कळलं नव्हतं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि पुढचा प्रश्न टाकला, “पानी चौबीस घंटे आता है क्या?”

कुमारी माझ्याकडंच पाहत होती. स्वयंपाकिणीला स्वयंपाकीण बोटांवरून ओळखू येते. मी कशाला आले आहे ते तिला कळलं आणि तिला कळलं हे मला कळलं. मी नारळ पदराखाली घेतला. नारळ पदराखाली मावत नाही.

हे एवढं कसं बिघडलं ते सांगते.

माझं काम स्वयंपाकाचं. शिक्षण चौथी, तेही भंडाऱ्याकडच्या खेड्यातलं. लग्न होऊन भिलाईला आले, नवरा प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली होता. तो गेल्यावर मी लोकांच्या घरी पोळ्या-भाजीला लागले. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, एका मराठी साहेबांच्या घरी वीसेक वर्षं काढली. साहेब रिटायर झाले, सामान ट्रकमध्ये भरलं आणि पुण्याला गेले. बाईंनी जाताना मला मिठी मारली आणि मिक्सर दिला. मिक्सरचं भांडं गळत होतं, ते दोघींनाही माहीत होतं.

मग नवीन काम शोधणं आलं. बाहेरच्यांना वाटतं, स्वयंपाकिणीला कसली मुलाखत? असते. प्रश्न फार विचारत नाहीत, ट्रायल घेतात. म्हणजे एका वेळचा स्वयंपाक करून घेतात, जेवतात, हात पुसतात आणि म्हणतात, “बताते हैं.” नाही म्हणायचा आपल्या लोकांना फार संकोच. पोट भरलेल्या माणसाला तर जास्तच. म्हणून आम्ही तोंडाकडं न पाहता बाकीच्या खुणा पाहतो. भाजी कशी केली ते खोदून विचारलं, तर समजावं, काम गेलं, आता ती स्वतःच करणार. सुट्टी किती घेणार, सणाला गावी जाणार का, असं विचारलं तर काम जवळ आलं. आणि “आपके हाथ में तो जादू है” म्हणाले, तर चप्पल घालून निघावं.

जामुलकडे एक ठेकेदार होते. त्यांनी मला ट्रायलला बोलावलं तर अंगणात मांडव. म्हटलं, घर मोठं दिसतं, माणसं रोजच एवढी असतील. वडे, कढी, भात, खीर, सगळं केलं. माणसं जेवून गेली, ठेकेदार म्हणाले, “बताते हैं.” पुढं दुसऱ्या एका बाईकडून कळलं, त्या घरात कायमची स्वयंपाकीण कधी नव्हतीच. नातवाचं बारसं एकीच्या ट्रायलमध्ये झालं, मुलीचा वाढदिवस दुसरीच्या. मी त्यांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाची होते.

एक म्हातारे साहेब होते, एकटे राहणारे. त्यांनी स्टुलावर बसून माझा सगळा स्वयंपाक पाहिला. फोडणीच्या वेळी खोकले तरी उठले नाहीत. जेवून शुद्ध मराठीत म्हणाले, “कळवतो.” मी वाट पाहिली. एक-दोन महिन्यांनी बाजारात दिसले, पिशवीत पावाची लादी. म्हणाले, “अहो, तुम्ही आला नाहीत परत?” मी म्हटलं, “तुम्ही कळवणार होतात.” ते म्हणाले, “मी तुमची वाट पाहत होतो.” दोघं वाट पाहत बसलो, आणि त्यांनी तेवढे दिवस पाव खाल्ला. यातून मला अक्कल यायला हवी होती. आली नाही. माझी समजूत अशी की चांगल्या हाताला शोधत लोक घरी येतात.

तोवर घरातले डबे रिकामे होत आले होते, आणि गोंदियाहून लेकीचा फोन दर दोन दिवसांनी येत होता. “आई, येऊन जाय ना आता. यायनं खाट आनली तुयासाठी.” जावई वाईट नाही. पण त्याच्या घरी गेले की पंखा लावायच्या आधी मी चारीकडं पाहते. भूक लागली की घड्याळ पाहते. रुआबांध्यातलं माझं घर दोन खोल्यांचं, वरून पत्रे, उन्हाळ्यात तवा होतो. पण तिथं मी कोणाला न विचारता खोकते. काम मिळालं नाही तर ते घर बंद करून खाटेवर जायचं होतं. एकदा गेलेली म्हातारी परत येत नसते, हे मी आमच्या गल्लीत पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

अशात नेहरू नगरच्या त्या होस्टेलचं कळलं. कोचिंगला आलेल्या पोरींचं होस्टेल, त्यांची मेस. साहू मॅडम मालकीण, चाळिशीतली, बोलायला झटपट. तिनं ट्रायल घेतली तेव्हा स्वयंपाकघराला रंग देणं चालू होतं, म्हणून गॅस मागच्या अंगणात मांडला होता. मी भरली वांगी केली, डाळ केली, भात केला. मॅडमनं जेवताना भाजीची रीत विचारली नाही. सुट्टीचं विचारलं. पोरींच्या परीक्षा असल्या की पहाटे येता येईल का, तेही विचारलं. माझं मन तिथंच कामाला लागलं. निघताना ती म्हणाली, “पुताई हो जाए तो आके किचन देख लेना, अम्मा. और एक बार फोन कर लेना.”

घरी आले तर दादा आणि वयनी बसलेले. दादा माझे मोठे भाऊ, प्लांटमधून रिटायर, राहायला पलीकडच्याच गल्लीत. देवरावभाऊही आले. आमच्या समाजातल्या निम्म्या सोयरिकी देवरावभाऊंनी जुळवलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच टिकल्या आहेत.

“काय म्हने मग?” दादांनी विचारलं.

“म्हने, येऊन किचन पाहून घे.”

देवरावभाऊंनी मांडीवर थाप मारली. “झालं ना मग! घर पाहाले बोलावलं म्हंजे पसंती आली.”

आमच्याकडची रीत अशी आहे. पोरगी पाहून पाहुणे गेले की लेकीवाल्यांनी तोंड उघडायचं नाही. काय ठरलं म्हणून विचारलं, तर यांना पोरगी जड झाली असा अर्थ होतो. मुलाकडच्यांना पसंत असेल तर ते म्हणतात, या आता आमचं घर पाहायला. तोच होकार. मग लेकीकडची पाच माणसं जातात, विहीर पाहतात, गोठा पाहतात, शेजाऱ्याला हळूच मुलाचं विचारतात, आणि सगळं ठीक असलं की नारळ ठेवून येतात.

“पन तिनं फोन कराले सांगतलं,” मी म्हटलं. एवढं मी म्हटलं होतं, हे इथं नोंदवते.

“फोन करून सोयरीक होते का कोनाची?” वयनी म्हणाली. “उतावीळ दिसशीन. एवढ्या वर्साची स्वयंपाकीन तू, तुले काय कमी?”

मला ते आवडलं. माणसाला आपल्या मनातलं दुसऱ्यानं म्हटलं की पटतं.

“उद्याच जाऊ का?” दादा म्हणाले.

“कावून, पितृपक्षात जाता का घर पाहाले?” देवरावभाऊ ओरडले. “काई समजते का तुमाले? घट बसू द्या. घटाच्या दिवशी जाऊ.”

पितृपक्ष नुकताच लागला होता. मी सगळा पंधरवडा घरात बसून राहिले. फोन हातात घेतला नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, “जमल्यासारखं आहे.” लेकीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, “जमल्यासारखं म्हंजे काय वं?” मी म्हटलं, “तुले नाई समजाचं.”

घटाच्या दिवशी मी, दादा आणि वयनी निघालो. तिघांनी जाऊ नये म्हणून देवरावभाऊ आले, आणि चार हा आकडा देवरावभाऊंना बरा वाटेना म्हणून त्यांची बायको आली. पाच माणसं एका ऑटोत बसलो. दादा ड्रायव्हरजवळ अर्धे बाहेर होते. मी इरकली नेसले होते. भाजी चिरायच्या कामाला इरकली!

होस्टेलच्या गेटवर देवरावभाऊंनी रीतीप्रमाणे शेजारच्या दुकानदाराला बाजूला घेऊन विचारलं, “घराना कैसा है?” तो म्हणाला, “घराना-वराना नहीं है भैया, होस्टल है.” देवरावभाऊंनी आम्हाला येऊन सांगितलं, लोक चांगले आहेत.

आणि मग तो चहा.

दादांनी पाण्याचं विचारलं, लाइट जाते का विचारलं. “आपके मिस्टर क्या करते हैं?” विचारलं. “पीते तो नहीं?” हेही विचारलं. मॅडम एकेक उत्तर देत होती. घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला उलट बोलायचं नाही, असं वळण असणार तिचं. पण शेवटी तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, “अम्मा, ये सब लोग कौन हैं? किसी बच्ची का एडमिशन है क्या?”

आता मला बोलावं लागलं. “मैं वो काम के वास्ते... आपने किचन देखने बुलाया था.”

मॅडमनं कप खाली ठेवला. “अरे! वो तो कब की बात है. मैं तो रास्ता देखती रही. मैंने बोला था ना, फोन कर लेना? आप आई नहीं, फोन नहीं, मुझे लगा आपको नहीं करना.” मग कुमारीकडं बोट दाखवून म्हणाली, “और ये? इसका ट्रायल आपके बाद हुआ. रोज सुबह गेट पे खड़ी. ‘क्या हुआ मैडम, क्या हुआ मैडम.’ मेरा सिर खा गई, तो रख लिया.”

दादांच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी मराठीत मला विचारलं, “म्हंजे हे ठेवली यायनं?”

“हो.”

“मग आपल्याले घर पाहाले कावून बोलावलं?”

मॅडमला मराठी समजत होती. “घर? किसका घर?”

देवरावभाऊ उभे राहिले, टोपी नीट केली आणि त्यांनी मॅडमला आमच्या समाजातली लग्न जुळवायची पद्धत हिंदीत पहिल्यापासून समजावून सांगितली. मी त्यांचा शर्ट ओढत होते. गोठ्यापर्यंत आले तेव्हा मॅडम हसायला लागली. आवरायचा प्रयत्न केला बिचारीनं, नाही आवरलं. जिन्यावर पोरी जमल्या होत्या, त्याही हसल्या. कुमारी मात्र हसली नाही. तिनं कप गोळा केले आणि आत गेली.

नारळ परत न्यायचा नसतो म्हणून वयनीनं तो किचनमधल्या देवापाशी ठेवला. तेवढ्यात तिनं किचन पाहून घेतलं. बाहेर येऊन म्हणाली, “वटा मस्त आहे वं.”

परत येताना ऑटोत दादा आणि देवरावभाऊ भांडले.

“तुमीच म्हनलं ना, बोलावनं म्हंजे पसंती!”

“मी सोयरिकीचं सांगतलं. नोकरीचं मले काय मालूम? मी काय नोकरी केली का कधी? दुकान होतं माह्यं.”

“मग टोपी घालून कावून आले?”

“तुमी मालकिनीले विचारलं, नवरा पितो का! त्यानं बिघडलं.”

“बिघडाले होतं काय तिथं? बाई आधीच ठेवून होती!”

वयनीनं पेढ्याचा डबा उघडला आणि सगळ्यांना दिले. म्हणाली, “खा आता. बोलनं बंद होईन.” मी दोन खाल्ले. संध्याकाळी लेकीचा फोन आला तर मी उचलला नाही. उचलला असता तर ये म्हणाले असते, न्यायला ये.

रात्रभर एकच डोक्यात होतं. पोरगी घरात बसून राहिली तर तिची किंमत वाढते म्हणे. मी काही पोरगी नव्हते. साठी उलटलेली विधवा होते, आणि मागणी घालायला दारात कोणी उभं नव्हतं.

सकाळी एकटी निघाले. रोजची साडी. ऑटोत बसून वाक्य घोकत होते, “मैडम, कुछ काम है क्या?” मोठ्यानं म्हटलं गेलं असावं, कारण ड्रायव्हर म्हणाला, “हमारे पास तो नहीं है, माताजी.” वीस वर्षं एका घरात काम केलं की काम मागायला जीभ वळत नाही. ते वाक्य तसं लहान आहे, एका दमात होतं. पण मला वाटायचं, ते म्हटलं की माझ्या हातचं सगळं जेवण फुकट गेलं.

मागच्या दारानं गेले. कुमारी परातीत कणीक मळत बसली होती. मला पाहून थांबली. ती दुर्गकडच्या खेड्यातली, छत्तीसगढी बोलायची.

“फेर आगे, दाई? मोर काम ले बर?” पुन्हा आलीस, माझं काम घ्यायला?

“तुझं काम घ्यायला पाच माणसं आणली होती, जमलं नाही,” मी मोडक्या हिंदीत म्हटलं. “आज एकटी आले. उरलंसुरलं काही असेल तर पाहायला.”

तेव्हा ती हसली. आदल्या दिवशीचं हसू तिनं राखून ठेवलं होतं बहुतेक. परातीकडं बोट दाखवलं. कणकेचा डोंगर होता. एवढ्या पोरींच्या पोळ्या आणि भाज्या एका बाईनं करायच्या, तर एक काहीतरी करपणारच. मी विचारलं, “मॅडमला माणूस मागितलं नाहीस का तू?” ती म्हणाली, नुकती लागले, लगेच मागितलं तर मलाच काढतील. म्हणजे तिचीही जीभ एका जागी अडकत होती. मला बरं वाटलं.

मॅडम आली. “अरे अम्मा, अब क्या देखना है?”

“कुछ नहीं देखना. काम चाहिए. रोटी का.”

झालं, म्हटलं गेलं. छत कोसळलं नाही. मॅडमनं माझ्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं आणि म्हणाली, “बताती हूँ.”

‘बताते हैं’चा अर्थ मी तुम्हाला वर सांगितला आहे. पूर्वीची मी असते तर घरी जाऊन बसले असते आणि दिवाळीपर्यंत मान राखला असता. पण काल त्याच घरात माझा काय मान राहिला होता ते साऱ्या होस्टेलनं पाहिलं होतं. गमवायला काही उरलं नाही की माणूस बरंच मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. “क्या हुआ मैडम?” तिसऱ्या दिवशी मॅडमला घाई होती. तरी विचारलं. एकदा तर कुमारीनंच मला दारात अडवलं, “आज झन पूछ दाई, मैडम भड़के हे.” आज विचारू नको, मॅडम भडकली आहे. त्या दिवशी मी न विचारता परत आले, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले, कारण आता मला विचारायची चटक लागली होती.

दादांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “रोज जाऊन उभी रायतं? लाज नाई वाटत तुले?”

“वाटते ना,” मी म्हटलं. “लाज वाटते तरी जातो.”

नंतर वयनीनं सांगितलं की ते म्हणत होते, आपली सुभद्रा भिकाऱ्यासारखी गेटवर उभी राहते. ते मला लागलं. अजूनही लागतं. पण दादांना पेन्शन होती.

दसरा झाला. त्यानंतर एका सकाळी मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाली, “अम्मा, मत पूछो. हाथ जोड़ती हूँ. कल से आ जाओ. पर बारात मत लाना.”

मी तिथं पोळ्यांवर लागले, कुमारीच्या हाताखाली. तिचं वय माझ्या लेकीएवढं. मीठ किती टाकायचं ते ती ठरवायची आणि माझ्या मते कमी टाकायची. मी बोलायचे, ती ऐकायची नाही. पोरी तिची भाजी आवडीनं खायच्या, हे मला बरेच दिवस दिसूनही दिसलं नाही. भरली वांगी मला त्या मेसमध्ये पुन्हा एकदाच करायला मिळाली, कुमारी बाळंतपणाला गेली तेव्हा. उरलेली सगळी वर्षं लाटणं. खरं सांगायचं तर मी पितृपक्षात एक फोन केला असता तर ती भाजी माझी होती आणि पोळ्या लाटायला कुमारी असती. हे तिला मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, “त करे काबर नइ?” मग केला का नाहीस? मी पुढची पोळी लाटायला घेतली. रीत समजावून सांगायची तर गोठ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दादा आता नाहीत. देवरावभाऊंना ऐकू येत नाही, तरी सोयरिकी जुळवतात. गुडघे गेले म्हणून मी काम सोडलं. कुमारी अजून तिथंच आहे. गोंदियाला मी राहायला गेले नाही. रुआबांध्यात माझ्या घरात राहते, एकटी.